मेअखेरीस स्नो कॅनियनमध्ये एक दिवस: मैल कमी दिसतात म्हणून सगळे ट्रेल एका दिवसात होतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला वेगासला उतरून एक दिवस युटामधल्या स्नो कॅनियन स्टेट पार्कला जायचंय, सोबत भारतातून आलेले आईबाबा (सत्तरीच्या आसपास, बाबांना बीपीची गोळी चालू) आणि ६ आणि १० वर्षांची दोन मुलं, नकाशावर बघितलं तर एकेक ट्रेल अर्धा मैल, एक मैल, दीड मैल एवढाच दिसतोय, मग जेनीज कॅनियन, पेट्रिफाइड ड्यून्स, लाव्हा फ्लो, थ्री पॉन्ड्स आणि वाळूचे डोंगर असं सगळं सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये बसेल का, आणि जमलं तर त्याच दिवशी झायन नॅशनल पार्कपण.

नाही बसणार. आणि बसवायला गेलात तर दुपारी १ वाजता कोणीतरी रडत असेल, ते मुलंच असतील असं नाही.

मी या भागात बरीच वर्षं हाइक करतोय, पाहुण्यांना घेऊन तर सारखंच जाणं होतं, आणि प्रत्येक वेळी लोकांना हेच सांगावं लागतं की इथे मैल मोजू नका. दोनच गोष्टी बघा, पायाखाली काय आहे आणि त्या तासाला सावली कुठे आहे. पाटीवर लिहिलेला दीड मैल डांबरी रस्त्यावर अर्ध्या तासाचा, तोच दीड मैल भुसभुशीत वाळूत तास-सव्वा तासाचा, आणि तोच दुपारी १२ ला वाळूत म्हणजे करूच नये असा. वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त ताकद लागते, कारण प्रत्येक पावलाला वाळू मागे सरकते आणि तुम्ही ढकललेलं निम्मं तिकडेच जातं. त्यामुळे तुमच्या लिस्टमधला थ्री पॉन्ड्स आधी काढून टाका. येऊन-जाऊन साडेतीन मैल लिहिलंय, सुरुवात चांगली दगडावरून आहे म्हणून माणूस फसतो, पण पुढे खाली उतरून कोरड्या ओढ्याच्या पात्रात गेलं की घोट्यापर्यंत वाळू आणि डोक्यावर काहीच नाही, परत येताना तीच वाळू आणि मग चढ. आणि शेवटी ते पॉन्ड म्हणजे दगडातले खड्डे आहेत, पाऊस पडून गेला असेल तर पाणी, नाहीतर कोरडे. नोव्हेंबरमध्ये झकास ट्रेल आहे, आईबाबांना घेऊन मेअखेरीस नको.

दुसरं, जेनीज कॅनियन तुम्हाला बंदच मिळणार. साधारण १५ मार्च ते १ जून तो वन्यजीवांसाठी बंद ठेवतात, आणि जॉन्सन कॅनियन तर १५ मार्चपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद. दरवर्षी लोक गेटपाशी उभं राहून फोनवर जुने फोटो दाखवतात की अहो हे बघा इथे तर लोक गेलेत. ते फोटो हिवाळ्यातले आहेत. तरी निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर चालू-बंद काय आहे ते बघून घ्या, तारखा इकडेतिकडे होऊ शकतात. आणि तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तो इथे चालत नाही, हे स्टेट पार्क आहे, गाडीमागे वेगळी फी भरावी लागते, युटाबाहेरच्या गाडीला जास्त. पावती जपून ठेवा, कारण मी तुम्हाला दिवसातून दोनदा आत जायला सांगणार आहे.

आता वेळेचं गणित, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. वेगासहून सेंट जॉर्ज, म्हणजे पार्कजवळचं शहर, साधारण १२० मैल, आय-१५ हायवेने दोन तास. पण वेगास पॅसिफिक टाइमवर आणि युटा माउंटन टाइमवर, म्हणजे जाताना एक तास उडतो. तुम्ही हॉटेलवरून सकाळी ७ ला निघालात, एवढे सगळे लोक आणि नाश्ता धरून तेही अवघडच, तर पार्कात १० ला पोचाल, आणि १० म्हणजे मेअखेरीस आम्ही गाडीकडे परत फिरायच्या तयारीत असतो. तिथे त्या दिवसांत सूर्योदय सव्वासहाच्या आसपास आणि सूर्यास्त पावणेनऊच्या आसपास असतो, पारा ९५ फॅरनहाइटला, म्हणजे ३५ सेल्सिअसला सहज जातो आणि शंभरीलाही टेकू शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत, आदल्या रात्री वेगासला राहू नका, संध्याकाळीच गाडी काढून सेंट जॉर्ज किंवा पार्कला लागून असलेल्या आयव्हिन्स गावात मुक्काम करा. पार्क सकाळी ६ ला उघडतं आणि रात्री १० पर्यंत असतं. वेगासचं बुकिंग आधीच झालं असेल आणि बदलता येत नसेल तर पहाटे साडेचारला निघा, साडेसातला पोचाल, मुलं गाडीत झोपतील. लाँग वीकेंड असल्यामुळे पार्किंगचे छोटे छोटे लॉट लवकर भरतात तो आणखी एक मुद्दा, पण तो उन्हापुढे काहीच नाही.

सकाळी पहिलं काय करायचं तर पेट्रिफाइड ड्यून्स. जाऊन-येऊन सव्वा मैलाच्या आत, आणि सगळं दगडावरून, वाळू फार थोडी. हे म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे वाळूचे डोंगर आहेत, इथे तेव्हा अफाट वाळवंट होतं, ती वाळू एकावर एक थरांनी दबली, खनिजांनी कण एकमेकांना चिकटले आणि त्याचा खडक झाला, नवाहो सँडस्टोन म्हणतात त्याला. लाल-केशरी रंग लोहाच्या गंजाचा. जवळ जाऊन बघितलं की खडकावर तिरक्या रेघाच रेघा दिसतात, एका थरात एकीकडे कललेल्या, वरच्या थरात दुसरीकडे. मुलांना सांगा या रेघा बघून ठेवा, संध्याकाळी कामाला येणार आहेत.

वाळूचा डोंगर वाऱ्याने बनतो ना, तर ज्या बाजूने वारा येतो ती बाजू लांब, हळू चढणारी आणि दाबली गेल्यामुळे त्यातल्या त्यात घट्ट असते. वारा कण ढकलत माथ्यावर नेतो आणि तिथून ते पलीकडे घसरतात, ती पलीकडची बाजू उभी, साधारण ३० ते ३४ अंशांची आणि एकदम सैल. त्याहून उभी वाळू राहूच शकत नाही, ढासळते. खडकातल्या त्या तिरक्या रेघा म्हणजे त्या पलीकडच्या घसरत्या बाजूचे थर, एकावर एक. म्हणजे तेव्हाचा वारा कुठल्या दिशेने वाहत होता ते तुम्हाला दगडावर वाचता येतं. आणि हे नुसतं भूगोलाचं नाही, चालायला पण कामाचं आहे. संध्याकाळी वाळूवर जाल तेव्हा वाऱ्याच्या बाजूने किंवा धारेवरून चढा आणि सैल बाजूने धावत खाली या. लोक बरोब्बर उलटं करतात, उभ्या बाजूने सरळ वर घुसतात, दोन पावलं वर एक पाऊल खाली, आणि अर्ध्यात बसकण मारतात.

त्या दगडावर चालण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला इथे एक वेगळाच आत्मविश्वास येतो. (तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना भरपूर गड केलेत.) आपला दगड बेसॉल्ट, टणक, पकड हातात राहते. हा सँडस्टोन म्हणजे घट्ट बसलेली वाळूच. कोरडा असताना बुटाला अशी पकड देतो की माणूस पालीसारखा चढत जातो, आणि मग वर उभं राहून कळतं की आता उतरायचं कसं. चढणं इथे नेहमीच उतरण्यापेक्षा सोपं वाटतं, म्हणून जिथून उतरता येईल याची खात्री नाही तिथे चढू नये, मुलांना तर आधीच सांगून ठेवावं. दुसरी भानगड म्हणजे दगडावर सांडलेली सुटी वाळू. तीच पकड देणारी शिळा, वर मूठभर वाळू असली की पाय सर्रकन जातो. बूट दगडावर घासून तळ साफ करायची सवय लावा. आणि पाऊस पडून गेला असेल तर हा दगड आतून पाणी पितो आणि कमकुवत होतो, हाताने धरलेली कपची निघून हातात येते, वरून कोरडा दिसला तरी आत ओल राहते, म्हणून इथे रॉक क्लाइंबिंग करणारे लोक पावसानंतर दोन-तीन दिवस दगडाला हात लावत नाहीत.

आणि कडा. आपल्याकडे कड्याला बहुतेक वेळा धार असते, पठार संपलं आणि खाली दरी, डोळ्याला कळतं. इथल्या या गोल घुमटांना धार नसतेच. उतार हळूहळू वाढत जातो, दहा अंश, वीस अंश, तीस अंश, प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा थोडंसंच जास्त तिरकं, आणि कुठल्या पावलाला परत फिरायचं ते कळतच नाही. म्हणून नियम एकच ठेवा, पुढच्या उताराचा तळ दिसत नसेल तर पुढे जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक मोठा माणूस नेहमी उताराच्या खालच्या बाजूला हवा. बाकी इथे दगडावर फिरायला मोकळीक आहे, मुलांना मजा येते, आईबाबांनी पहिल्या उंचवट्यापर्यंत यावं आणि बसावं, तिथूनही खोरं चांगलं दिसतं.

मोकळीक दगडावर आणि मोकळ्या वाळूवर आहे, झुडपांमधल्या मातीवर नाही. तिथे काळपट, खडबडीत, पापुद्र्यासारखी माती दिसेल, ती मेलेली माती वाटते पण जिवंत आहे, सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी विणलेली, तीच वाळू धरून ठेवते. एका बुटाने मोडली की भरून यायला कैक वर्षं लागतात. तेव्हा शॉर्टकट नको.

पेट्रिफाइड ड्यून्स सव्वाआठ-साडेआठपर्यंत उरकलं (साडेसहाला आत आलात असं धरतोय) तर मग लाव्हा ट्यूब. पूर्ण लाव्हा फ्लो ट्रेल अडीच मैलांचा आहे, तो करू नका, पहिल्या गुहांपर्यंत साधारण अर्धा मैल जा आणि परत या. आईबाबांना गाडीपाशी सावलीत ठेवा, कारण वाट खडबडीत आहे आणि घोटा मुरगळायला दगड जागोजागी तयार. मजेची गोष्ट म्हणजे हा काळा दगड बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीचा सख्खा, फक्त सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि इथला सगळ्यात अलीकडचा प्रवाह २७,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे एकदम ताजा माल, अजून कडा तीक्ष्ण आहेत. लाव्हा वाहताना वरची साय थंड होऊन घट्ट झाली, आतला पातळ लाव्हा पुढे निघून गेला, पोकळ नळी राहिली, छत कोसळलं तिथे तोंड. उतरायचं तर प्रत्येकाकडे टॉर्च, फोनचा नाही, हात मोकळे राहतील असा डोक्याला लावायचा. फुल पँट. सहा वर्षांच्या मुलाला तोंडापासून बघू दे, आत उतरायची गरज नाही. आणि काळा दगड तापतो फार लवकर, नऊ-साडेनऊनंतर तिथे हात टेकवत नाही, त्यामुळे हा कार्यक्रम पुढे ढकलायचा नाही.

मुलं कुरकुर करत असतील तर लाव्हा सोडून पायोनियर नेम्सला जा, छोटासाच आहे, खडकावर जुन्या वसाहतवाल्यांनी बैलगाडीच्या आसाच्या वंगणाने नावं लिहून ठेवलीयेत, काही १८८३ मधली. आपल्याकडे गडावर बदाम काढून नावं लिहितात त्याला आपण शिव्या घालतो, इथे तेच शंभर वर्षं जुनं झालं म्हणून पाटी लागली, असो. मुलांना मात्र त्यावरून कल्पना सुचायला नको, आता लिहिलंत तर दंड.

साडेदहाला गाडीत. जास्तीत जास्त ११. हे मी विनंती म्हणून नाही सांगत आहे.

पाण्याचं बघू. ट्रेलवर कुठेही पाणी नाही, हॉटेलवरून भरून घ्यायचं. उन्हात चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर लागतं, म्हणजे त्या सकाळसाठी प्रत्येकी तीन लिटर, मुलांना प्रत्येकी दीड, आणि गाडीत आइसबॉक्समध्ये वेगळं, त्याला पाण्याच्या हिशेबात धरायचं नाही. इथली हवा इतकी कोरडी आहे की घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडून जातो, त्यामुळे मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये, किती छान हवा आहे. नंतर शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात तेव्हा कळतं. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, आणि आईंच्या पिढीला पाणी कमी पिऊन बाथरूम टाळायची सवय असते, त्यांना आधीच सांगा की काही पार्किंगपाशी टॉयलेट आहेत, काळजी करू नका, प्या.

पण नुसतंच पाणी ढोसणं पण बरोबर नाही. घामातून मीठ जातं, आणि लिटरच्या लिटर साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, त्यात डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण येतं, म्हणजे दिसायला अगदी ऊन लागल्यासारखंच, आणि मग लोक आणखी पाणी पाजतात. म्हणून खारट खाणं चालू ठेवा, चिवडा, खारे शेंगदाणे, जे घरी आहे ते, आणि एका बाटलीत ओआरएस. बाबांच्या बीपीच्या गोळीबद्दल, काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांच्यावर असताना उन्हात शरीरातलं पाणी आणि मीठ लवकर कमी होतं, उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, निघायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा की असं असं जाणार आहोत, काय करायचं. मुलांचा किंवा मोठ्यांचा, ऊन लागायला लागल्याचा पहिला इशारा माझ्या बघण्यात बहुतेक वेळा चिडचिड हा असतो, चक्कर नाही. बोलणारा माणूस गप्प झाला, गप्प माणूस भांडायला लागला, की थांबायचं, सावली, पाय वर, कपडे ओले, खारट काहीतरी. अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर मात्र तो उष्माघात, ९११ (इथला इमर्जन्सी नंबर) लावायचा आणि त्याच वेळी असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून वारा घालायचा, अशा माणसाला जबरदस्तीने पाणी पाजायचं नाही. खोऱ्यात फोनची रेंज कड्यांमुळे कुठे असते कुठे नसते, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड, आणि फोन उन्हात दगडावर ठेवू नका, तापून बंद पडतो.

कपडे सुती चालतात. अमेरिकन हाइकिंगवाले कॉटन म्हटलं की अंगावर येतात, ते थंडी-पावसाच्या ठिकाणी बरोबर आहे, इथे मेअखेरीस ढगळ, फिकट, लांब बाह्यांचा सुती शर्ट ओला केला की तोच कूलर. आईंना कॉटनचा पंजाबी ड्रेस आणि बूट एकदम उत्तम, ओढणी भिजवून मानेवर. सँडल आणि चपला नको, चोया नावाच्या निवडुंगाचे काटे आहेत, ते चिकटले की बोटाने ओढू नका, कंगव्याने उडवायचे, एक जुना कंगवा बॅगेत टाका. जाळीच्या रनिंग शूजमध्ये वाळू भरते, पण जाड लेदर बुटात पाय शिजतात, त्यापेक्षा जाळीचे घाला आणि मोज्यांचा एक जादा जोड ठेवा.

जनावरांचं तुम्ही घाबरत विचारलंय. रॅटलस्नेक (विषारी साप) आहेत, सकाळी-संध्याकाळी जास्त हलतात, जिथे दिसत नाही तिथे हात-पाय घालू नका एवढं पुरतं. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं हे सगळं विसरायचं, माणूस शांत, अंगठी-घड्याळ काढून टाकायचं, ९११ आणि हॉस्पिटल. त्यापेक्षा तुम्हाला कासव दिसायची शक्यता आहे, आणि तिथे नुकसान तुम्ही कराल. मोहावी डेझर्ट टॉर्टॉइज, १९९० पासून संरक्षित, हे पार्क ज्या राखीव क्षेत्रात आहे ते १९९६ मध्ये मुख्यतः त्यांच्यासाठीच केलं. हे कासव मूत्राशयात पाणी साठवून महिनोन्‌महिने काढतं, कोणी उचललं की घाबरून ते सगळं सोडून देतं, आणि मग पुढच्या पावसापर्यंत तहानेने मरू शकतं. मुलांना हे कारणासकट सांगा, नुसतं "हात लावू नको" म्हटलं की हात जातोच. शिवाय पार्किंगमधून गाडी काढताना खाली वाकून बघा, सावलीसाठी गाडीखाली येऊन बसतात. आणि रस्त्याकडेला मोठी पांढरी कर्ण्यासारखी फुलं दिसतील, तो धोतऱ्याचाच भाऊ आहे, सगळं झाड विषारी, आईंना ओळखू येईलच, महादेवाला वाहायला तोडायचं नाही. गोल गोल लोखंडी रंगाच्या गोट्या दगडात दिसतात त्या पण तिथेच राहू द्या, नियम आहे.

दुपार. ११ ते ६ पार्कात काही करायचं नाही. जेवा, झोपा. मुलं झोपणार नसतील तर सेंट जॉर्जमध्ये डायनासोरच्या पावलांच्या ठशांचं म्युझियम आहे, २००० साली तिथे एका माणसाच्या शेतात जमीन सपाट करताना ठसे सापडले आणि त्यावरच इमारत बांधली, एसी आहे, दीड तास आरामात जातो. त्या वेळेत वाळूवर जायचा मोह होईल कारण हॉटेलपासून पंधरा-वीस मिनिटंच तर आहे. वाळूचा पृष्ठभाग दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, ६० सेल्सिअसच्या पुढे सहज जातो, अनवाणी मूल चार पावलात भाजतं, आणि वाळूच्या मधोमध असताना भाजलं तर परत यायला तीच वाळू.

संध्याकाळी साडेसहाला परत आत. आईबाबांसाठी व्हिपटेल ट्रेल आहे, पूर्ण डांबरी, व्हीलचेअर आणि स्ट्रोलर जातो, एका बाजूने तीन मैल आहे पण हवं तेवढंच चालून परत फिरायचं. तिथून कडे दोन्ही बाजूंनी दिसतात आणि गुडघ्यांना त्रास नाही. पश्चिमेच्या कड्यांची सावली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी तळाशी उतरायला लागते, त्याच सुमाराला मुलांना वाळूवर न्या. आधी हाताची मागची बाजू वाळूवर पाच-सात सेकंद ठेवून बघा, राहवत असेल तर मुलांचे बूट काढा. वरची वाळू सावली आली की पटकन निवते, आतली मात्र कोमट असते, मुलं त्यात पाय खुपसून बसतात. इथे खेळायला पूर्ण परवानगी आहे, आणि सकाळच्या रेघा आठवतात का विचारा, उभी बाजू कुठली, वारा कुठून. वारा सुटलेला असेल तर वाळू डोळ्यात जाते, गॉगल सगळ्यांना, कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका. टॉर्च जवळ ठेवा, सूर्य गेला की अर्ध्या तासात अंधार.

पुराचं, फ्लॅश फ्लडचं, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवतो. त्याचा मुख्य मोसम जुलै ते सप्टेंबर, मेअखेरीस धोका कमी, तरी अंदाजात वादळी पाऊस असेल तर कोरडी पात्रं आणि अरुंद घळी टाळा. डोक्यावर निळं आकाश असताना वर कुठेतरी पडलेलं पाणी इथे येतं, कारण नुसता दगड आहे, मुरायला जागाच नाही.

राहिलं झायन. त्याच दिवशी नको. तासभर अंतर आहे, पण लाँग वीकेंडला पार्किंग, शटलची (पार्कातल्या बसची) रांग, सगळं मिळून अर्धा दिवस जातो आणि तोही भर उन्हातला. झायन बघायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी वेगासला परतायच्या आधी कोलोब कॅनियन्सला जा, तोही झायनचाच भाग आहे पण शटल नाही, आय-१५ ला एक्झिट ४०, सेंट जॉर्जपासून पाऊण तासाच्या आत. पाच मैलांचा गाडीरस्ता थेट लाल कड्यांसमोर नेतो, उंची जास्त असल्याने हवा बरीच थंड, रस्त्याच्या शेवटी टिंबर क्रीक ओव्हरलुकचा येऊन-जाऊन एक मैलाचा ट्रेल आहे तो आईबाबा पण हळूहळू करतील. तिथे नॅशनल पार्कचा पास चालतो. रस्ता कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतो, तेवढं आदल्या रात्री बघून घ्या.